मला मारलं नव्हतं

"बाही वर कर," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

मी केली नाही म्हणून त्यांनी स्वतः केली. युनिफॉर्मची आकाशी बाही कोपराच्या पार वर सरकवली आणि दंड धरून मला वेटिंगच्या बाकांकडे वळवलं. समोर नऊ बायका बसल्या होत्या. नऊ हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्यांचे केसपेपर मीच क्रमाने लावून ठेवले होते.

"हे वळ कसले?"

दंडावर तीन डाग होते. एक जांभळा, एक निळा, एक पिवळा पडत चाललेला. मला सातवा महिना चालू होता.

मी म्हटलं, "असंच येतं, मॅडम."

"असंच काही येत नसतं गं. सगळ्याजणी हेच म्हणतात." मग बायकांकडे बघून, "बघा. पोटात सात महिन्यांचं मूल आहे आणि नवरा मारतो. वर ही त्याला पाठीशी घालते. तुम्ही कुणी असं सहन करू नका हं."

कुणीतरी च्च च्च केलं. एक जण मोबाइलमध्ये बघायला लागली. त्यातली एक भोईवाड्यातली होती, आमच्या मागच्याच चाळीतली. ती माझ्याकडे बघत राहिली. मी बाही खाली ओढली आणि पुढचं नाव पुकारलं. माझा आवाज नेहमीसारखाच आला.

मला मारलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे हे वाक्य मी पुष्कळ जणांना सांगितलं आणि ते कुणी ऐकलं नाही.

वळ हा शब्दच बघा. वळ आपोआप येत नाही. वळ म्हटलं की काठी आली, पट्टा आला, मारणारा हात आला. वळ लांब असतात, फुगलेले असतात. त्याच नर्सिंग होममध्ये मी दुसऱ्या बायकांच्या पाठीवर ते पाहिले आहेत, त्यांना पाणी दिलं आहे. माझे डाग गोल होते, सपाट होते, हात फिरवला तर लागायचेही नाहीत. मॅडमनी हात फिरवून बघितला नाही. त्यांनी प्रश्न विचारला तेव्हाच त्यात उत्तर घातलेलं होतं.

नर्सिंग होम दादरला, पहिल्या मजल्यावर. मी तिथे मदतनीस. वजन घ्यायचं, बीपीचा पट्टा आणून द्यायचा, चादरी बदलायच्या, केसपेपर भरायचे. बारावी झालेली असल्यामुळे लिहायचं काम माझ्याकडे आलं. वय सव्वीस, तरी पहिल्या दिवसापासून सगळे मला मावशी म्हणायचे. पन्नाशी उलटलेल्या मॅडमसुद्धा.

कामावर घेताना त्यांनी आडनाव विचारलं. मग राहतेस कुठे ते विचारलं. मग म्हणाल्या, "छान. आमच्याकडे असलं काही पाळत नाहीत हं." असलं म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. आम्ही बौद्ध. असलं म्हणजे काय ते आम्हाला लहानपणीच समजतं. आणि पाळत नव्हते हे खरंच आहे. माझा कप वेगळा नव्हता. त्यांच्या घरच्या सत्यनारायणाचा प्रसाद मला सगळ्यात आधी मिळायचा, मी मागत नसताना. फक्त माझ्याबद्दलची सगळी माहिती त्यांच्याकडे आधीच होती. आडनाव आणि पत्ता कळल्यावर त्यांना आणखी काही विचारायची गरज पडली नाही.

दिवस गेल्याचं मी त्यांनाच पहिल्यांदा सांगितलं. सासूच्याही आधी. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, सगळं इथेच करायचं, एक पैसा घेणार नाही. मी रजिस्टर उघडून स्वतःचा केसपेपर काढायला लागले तर माझ्या हातातून पेन काढून घेतलं.

"अगं, तू तर घरचीच. घरच्या माणसाला कसला केसपेपर?"

मला बरं वाटलं. हे लिहायला आज लाज वाटते, पण तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. घरी जाऊन सांगितलं सुद्धा.

आता केसपेपरवर काय असतं ते सांगते. नाव, वय, शेवटची पाळी, कितवी खेप. खाली जुने आजार, बीपी, शुगर, थायरॉइड. त्याच्याखाली एक ओळ रक्तस्रावाची. दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला होता का? पाळीत जास्त जातं का? नाकातून, हिरड्यांतून येतं का? अंगावर उगाच डाग पडतात का? घरात कुणाला असा त्रास आहे का? ही ओळ मी रोज दहा-बारा बायकांना वाचून दाखवायची. त्या नाही म्हणायच्या, मी नाही लिहायची. माझी स्वतःची उत्तरं काय आहेत, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. तो कागद पेशंटचा होता आणि मी घरची होते.

बाकीच्यांचं रक्त लॅबला जायचं. बाटल्यांवर नावं मीच लिहायची. माझ्या बोटाला मात्र ओपीडी संपल्यावर टोचून, यंत्रावर हिमोग्लोबिन तेवढं बघितलं. "साडेदहा. ठीक आहे. नाचणी खा." झालं. पुढचे सगळे महिने माझी तपासणी अशीच झाली, ओपीडी संपल्यावर नाहीतर दोन पेशंटच्या मधे, उभ्या उभ्या.

पाचव्या महिन्यात हिरड्यांतून रक्त यायला लागलं. सकाळी ब्रश लाल व्हायचा. मी मॅडमना सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, तोंडात नाही.

"मिशरी लावतेस ना?"

"नाही, मॅडम."

"खरं सांग. मी रागावणार नाही."

मिशरी माझ्या सासूनेही कधी लावली नाही. माझ्या आईच्या घरात तंबाखूचा कणसुद्धा येत नव्हता. पण मॅडम रागावणार नाही म्हणाल्या, आणि मी परत बीपीचा पट्टा गुंडाळायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चांगल्या कंपनीची टूथपेस्ट आणून दिली. मी थँक्यू म्हटलं.

नंतर ते डाग, आणि नंतर ती सकाळ.

त्याच दिवशी त्यांनी माझ्या नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. तो रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला आहे. अर्धा दिवस टाकून तसाच आला, केसांत भुसा घेऊन. जिना चढून दम लागला होता. दारातच विचारलं, "मूल बरं आहे ना?"

मॅडम त्याच्या हातांकडे बघत होत्या. त्याचे हात मोठे आहेत. फळ्या ओढून तळवे सोलवटलेले, अंगठ्याचं नख कायमचं काळं. त्या हातांनी तो घरी बोंबिल साफ करतो, सासूच्या पायाला तेल लावतो. हे हातांवर दिसत नाही.

कागद आधीच लिहून ठेवला होता. 'मी माझ्या पत्नीस यापुढे मारहाण करणार नाही. तिच्या जिवाचे बरेवाईट झाल्यास मी जबाबदार राहीन.' तो बोट ठेवून सावकाश वाचत गेला. 'यापुढे' या शब्दावर त्याचं बोट थांबलं.

"मी मारत नाही, मॅडम."

"सगळे असंच म्हणतात. सही कर, नाहीतर मला पोलिसांना कळवावं लागेल."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी बोलू शकत होते. सही करू नको, एवढे तीनच शब्द. बोलले नाही. दोन महिन्यांनी याच नर्सिंग होममध्ये मला झोपायचं होतं, याच बाईच्या हातात माझं मूल यायचं होतं. मी टेबलावरच्या काचेखाली ठेवलेल्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मला काही वाटतही नव्हतं. 

त्याने सही केली. पेन परत देताना म्हणाला, "हिची डिलिव्हरी तेवढी नीट करा."

खाली रस्त्यावर उसाची गाडी उभी होती. तो म्हणाला, ऊस खातेस का. मी नको म्हटलं. तो वखारीत परत गेला.

चाळीत बातमी आमच्या आधी पोचली होती. गॅलरीतल्या बायका मला बसायला खुर्ची द्यायला लागल्या. नवऱ्याशी कुणी भांडलं नाही, पण मंडळातल्या एका म्हाताऱ्याने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, बाळा, हात आवर. हा माणूस कॅरम खेळताना सोंगटी जोरात मारत नाही. त्याने मान हलवली आणि घरी आला. त्यानंतर खाली कॅरमला गेला नाही.

आणि एक दिवस सकाळी, मी चहा गाळत होते, तर त्याने मागून विचारलं, "माझा हात लागतो काय गो तुला? झोपेत?"

मी वळून बघितलं. तो खरंच विचारत होता. आपले हात पालथे-उताणे करून बघत होता.

मी नाही म्हटलं. पण म्हणायच्या आधी एक क्षण मीही विचार केला. झोपेत? असेल का? त्या एका क्षणाबद्दल मी मॅडमना कधीच माफ करणार नाही. त्यांनी माझ्या घरात येऊन माझ्याच नवऱ्याकडे मला त्यांच्या नजरेने बघायला लावलं. त्या दिवसापासून तो भिंतीला लागून झोपायला लागला, आमच्यात उशी ठेवून.

डाग वाढत होते. मांडीवर, पोटरीवर, पोटाच्या कडेला. मी ते मॅडमना दाखवले नाहीत. दाखवून काय होणार होतं? आणखी एक कागद, आणखी एक सही. युनिफॉर्मच्या आत घालायला मी पूर्ण बाह्यांचा ब्लाउज शिवून घेतला. पोटऱ्या झाकायला गुडघ्यापर्यंतचे मोजेही घेतले. डॉक्टरच्या दवाखान्यात दिवसाचे आठ तास उभी राहून मी आजार लपवत होते. माझ्यावर विश्वास न ठेवण्याचा असा परिणाम झाला. खरं सांगणंच मी बंद केलं.

आठवा महिना सरत आला तेव्हा पायांवर लाल ठिपके उठले. मोहरी सांडल्यासारखे, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत. त्या दिवशी मला सुटी होती, नवरा वखारीत गेला होता. दुपारी नाकातून रक्त सुरू झालं. धरून ठेवलं, बर्फ लावला, तरी थांबेना. एक टॉवेल भिजला, मग दुसरा. सासू माझ्या पायांशी बसली होती. तिने साडी वर करून ते ठिपके बघितले. मालवणकडची बाई, शाळेत गेलेली नाही.

ती म्हणाली, "ह्या माराचा न्हय. मार असो नसता. ऊठ, मी येतंय तुझ्यावांगडा."

दादरला फोन करू का, असं मी विचारलं. तिने मला धरून खाली रस्त्यावर आणलं. टॅक्सी थांबवली आणि परळच्या सरकारी हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

तिथे गर्दी होती. खिडकीवर माझा केसपेपर निघाला. माझ्या नावाचा पहिला केसपेपर. माझ्या पोटाकडे आणि टॉवेलकडे बघून मला पुढे घेतलं. निवासी डॉक्टर म्हणजे एक मुलगी होती, माझ्याच वयाची असेल. डोळे तारवटलेले, चष्म्याला एका बाजूने चिकटपट्टी. तिने सासूला बाहेर बसायला सांगितलं आणि एका दमात विचारायला लागली.

डाग कधीपासून? लहानपणी पडायचे का? हो. शाळेत बाकाला गुडघा घासला तरी पडायचा. दात कधी काढला होता? बाराव्या वर्षी, दोन दिवस रक्त थांबलं नव्हतं. पाळी किती दिवस? नऊ, कधी दहा, गाठी पडायच्या. कुणाला दाखवलं नाही? नाही, आईचीही तशीच असायची, आम्हाला वाटायचं सगळ्यांचीच असते. ताप आला होता का, डेंग्यू झाला होता का? नाही. कुठली गोळी चालू आहे? लोहाची. डोकं दुखतं, डोळ्यांपुढे अंधारी, पाय सुजलेत? नाही.

मग तिने विचारलं, "घरी कुणी मारतं का?"

मी म्हटलं, "नाही."

तिने 'नाही' लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

मला तिथे रडायला आलं. रक्त थांबत नव्हतं तेव्हा आलं नव्हतं, सहीच्या दिवशी आलं नव्हतं. तो प्रश्न वाईट नव्हताच. विचारायलाच हवा. मॅडमनीही विचारायला हवा होता. विचारून माझं उत्तर लिहायला हवं होतं, एवढंच.

रिपोर्ट दोन तासांत आला. प्लेटलेट एकोणीस हजार. दीड लाखाच्या वर असायला हव्यात. ती मुलगी माझ्या खाटेच्या कडेला बसून नीट समजावून सांगायला लागली. रक्त धरून ठेवणाऱ्या या पेशी. गरोदरपणात बऱ्याच बायकांच्या शेवटी शेवटी थोड्या कमी होतात, त्याने काही बिघडत नाही, बाळंतपणानंतर आपोआप भरून येतात. काहींच्या बीपी वाढून पडतात, ते धोक्याचं. डेंग्यूने पडतात. पण तुझं जुनं दिसतंय, म्हणाली. तुझं शरीरच त्यांना परकं समजून खातंय. पहिल्या महिन्यात एक साधी रक्ततपासणी झाली असती तरी कळलं असतं.

"डिलिव्हरी कुठे ठरली होती?" तिने विचारलं.

मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या होत्या की तुला कळा सोसायला लावणार नाही, पाठीत इंजेक्शन देऊ, माझ्याकडून भेट.

तिने रिपोर्ट परत हातात घेतला. मग म्हणाली, एकोणीस हजारांवर पाठीत सुई गेली असती तर मणक्यात रक्त साचू शकलं असतं. पाय जाऊ शकले असते. मी पायांकडे बघितलं. ते माझेच होते, ठिपक्यांनी भरलेले.

तीन आठवडे मला ठेवून घेतलं. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तोंड भाकरीएवढं झालं. एकोणीसचे एकतीस झाले, मग अठ्ठेचाळीस, मग सत्तर. नवरा रोज वखारीतून थेट यायचा आणि आधी आकडाच विचारायचा. मुलगी झाली, नेहमीच्या वाटेने, प्लेटलेटच्या पिशव्या तयार ठेवून. तिच्याही प्लेटलेट पहिले काही दिवस कमी होत्या. तिच्या टाचेला रोज टोचायचे. मग चढल्या. ती जगली, मीही जगले. आनंद झाला का? लोक विचारतात. झाला असेल. मला तेव्हा फक्त झोपायचं होतं.

मॅडमनी झबलं-टोपडं पाठवलं आणि कधी येतेस म्हणून निरोप. मी दोन महिन्यांनी गेले. युनिफॉर्म न घालता. सकाळी अकरा वाजता, ओपीडी भरलेली असताना.

"अगं, ये ये, आत ये," त्या म्हणाल्या.

"इथेच बोलते."

हॉस्पिटलचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं. डॉक्टर आहेत, एका नजरेत कळलं असणार. चेहरा उतरला. "बाई गं. वेळेत कळलं ते बरं झालं. मी तेव्हा काळजीपोटीच बोलले होते." मग स्वतःच ड्रॉवर उघडून नवऱ्याची सही असलेला तो कागद काढला आणि माझ्यासमोर त्याचे चार तुकडे केले. "हे बघ. मिटलं?"

"नाही मिटलं. तुम्ही इथे उभं राहून बोलला होतात. आता लिहून द्या."

वेटिंगमधल्या बायका ऐकत होत्या.  मॅडमनी लेटरहेड ओढलं. मी सांगत गेले. एक, हिला नवऱ्याने मारलेलं नव्हतं. त्यांनी लिहिलं. दोन, हिच्या रक्तातल्या प्लेटलेट कमी होत्या, डाग त्याचे होते. लिहिलं.

तीन, मी हिचं रक्त तपासलं नाही आणि हिचं म्हणणं खरं मानलं नाही.

पेन थांबलं.

"हे मला लिहिता येणार नाही."

"का?"

"तुला कळत नाही त्याचा अर्थ काय होतो."

"कळतो," मी म्हटलं. "म्हणूनच सांगतेय."

त्यांनी सही करून दोन वाक्यांचा कागद माझ्यापुढे सरकवला. आवाज मऊ केला. म्हणाल्या, हट्ट करू नकोस, नवऱ्याचं नाव साफ झालं ना, कामावर परत ये, पगार वाढवते. मी कागद उचलला, वाचला, आणि परत टेबलावर ठेवला.

घरी नवरा म्हणाला, "घ्यायचा होतास गो. दोन वाक्यं पुरली असती मला." त्याचं बरोबर आहे. तो कागद गॅलरीत दाखवला असता तर तो परत मान वर करून खाली गेला असता. मी त्याचं ते हिरावून घेतलं. मला त्याचं वाईट वाटतं, आणि तरी मी तो कागद घेणार नव्हते. दोन वाक्यांत चूक माझ्या रक्ताची होती. तिसऱ्यात त्यांची होती. तेवढंच वाक्य त्यांना जड गेलं.

मेडिकल कौन्सिलकडे द्यायचा तक्रारीचा अर्ज मी स्वतः लिहिला आहे, तीन पानं, दोन्ही बाजूंनी. ओळखीचे एक वकील म्हणाले, सुरुवात नरम करा, आधी त्यांचे उपकार मांडा. नवरा म्हणाला, निदान आपलं नाव नको घालू. मी नाव घातलं आहे. आडनावासकट, पत्त्यासकट. उद्या सकाळी तो अर्ज देते आणि पोच घेते.

पहिल्या ओळीत नमस्कार नाही, उपकार नाहीत. पहिली ओळ अशी आहे: या डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं नाही आणि माझं म्हणणं खरं मानलं नाही. कुणीही सांगितलं तरी मी ती ओळ खोडणार नाही.